यादीत नाव आलं का?

कोल्हापुरात फुटबॉलची ईर्षा जुनी आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांचे संघ समोरासमोर आले, किंवा शिवाजी तरुण मंडळाची गाठ खंडोबाशी पडली, की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही. ज्याला ऑफसाइड कशाला म्हणतात हे सांगता येणार नाही, असा माणूसही आपल्या पेठेच्या झेंड्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. इथला फुटबॉल चालवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० सालची. म्हणजे तीन-चार पिढ्या ही ईर्षा चालत आली आहे. पण ती पेठेची होती. गेल्या काही वर्षांत लहान मुलांच्या मैदानावर जी ईर्षा दिसते ती घराघराची आहे. तिथं समोरचा संघ प्रतिस्पर्धी नसतो. आपल्याच संघातलं, आपल्याच पोराच्या शेजारी उभं असलेलं दुसरं पोरगं प्रतिस्पर्धी असतं.

बारा वर्षांखालच्या मुलांचा संघ पुण्याला किंवा गोव्याला स्पर्धेसाठी जायचा असतो, त्याच्या आधीचा आठवडा बघा. सरावाला चाळीसेक पोरं आणि बसमध्ये चौदा जागा. रविवारी सकाळी मेरी वेदर मैदानाच्या कडेला स्कूटर-मोटारींची रांग लागते. एरवी पोराला सोडून कामाला जाणारे वडील त्या दिवशी चुन्याच्या रेषेला पाय लावून उभे असतात. "आरं, पास कशाला देतोस, मार की गोलात!" अकरा वर्षांचं पोरगं एकदा कोचकडं बघतं, एकदा वडिलांकडं बघतं, आणि तेवढ्यात बॉल पायातून जातो. रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर यादी पडते. चौदा घरांत पेढे आणि बाकीच्या घरांत शांतता. मग फोन सुरू होतात. "सर, त्याच्यापेक्षा आमचा काय कमी आहे?" "सर, त्याचे वडील तुमच्या ओळखीचे आहेत म्हणून काय?" दोन आया वर्षभर एकाच कट्ट्यावर बसून डबे सांभाळत होत्या, एकमेकींच्या पोरांना केळी देत होत्या. सोमवारी त्या दोन टोकांना बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

पालकांना शहाणपण शिकवून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, आणि सगळा दोष त्यांचा आहे असंही वाटत नाही. ते ज्या गोष्टीसाठी झटतात तिला आज खरोखर किंमत आहे. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत २००५ पासून खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. या सवलती योग्यच आहेत, खेळणाऱ्याला त्या मिळायलाच हव्यात. पण त्यांच्यामुळं सातवीतल्या पोराच्या बुटांकडेसुद्धा घर हिशेबाने बघायला लागतं. त्यात अकादमीची महिन्याची फी, किट, शिनगार्ड, वर्षातून दोनदा लहान होणारे बूट आणि बाहेरगावच्या स्पर्धेची वर्गणी. रिक्षा चालवून, गुजरीत दागिन्यांची कारागिरी करून, एमआयडीसीत पाळी करून हे पैसे भरणाऱ्या माणसाने "माझं पोरगं का नाही?" असं विचारलं तर ते चुकीचं नाही. चूक ही आहे की त्याला उत्तर मिळत नाही. यादीत नावं असतात, कारणं नसतात. कारण कळलं नाही की माणूस वशिल्याचा विचार करतो, आणि कधी कधी तो बरोबरही असतो.

पण वशिला शून्यावर आणला, निवड करणारा माणूस धुतल्या तांदळासारखा असला, तरी बाराव्या वर्षाची ही निवड फसवीच ठरते. शालेय स्पर्धांत आणि फुटबॉलच्या वयोगटांत मोजणी १ जानेवारीपासून होते. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच सालच्या डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात येतात. त्या वयात जवळजवळ एका वर्षाचा फरक म्हणजे पोराच्या आयुष्याचा बारावा हिस्सा! शिवाय वयात येण्याचं प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. एकाला बाराव्या वर्षी मिसरूड फुटते, दुसऱ्याला पंधराव्या. कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्स्ली यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की निवडलेल्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी असते. पुढे युरोपातल्या कुमार फुटबॉल संघांतही तेच आढळलं. वीस मिनिटांच्या ट्रायलमध्ये डोळ्यांना आधी दिसते ती उंची, धाव आणि धडक. बॉल येण्याआधी मान वळवून मागं कोण आहे ते बघणारं किडमिडीत पोरगं त्या वीस मिनिटांत दिसतच नाही.

आपल्याकडं यात आणखी एक भर पडते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली पिढी महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. ती तारीख भाबडी होती, तिनं कुणाचं नुकसान केलं नाही. आता मात्र वय दोन वर्षांनी खाली ओढणारे कागद मुद्दाम तयार होतात. म्हणून तर फिफानं २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय काढायला सुरुवात केली. पेठेतल्या स्पर्धेत कुणाचा एमआरआय निघणार? तिथं चौदा वर्षांचा पोरगा बारा वर्षांच्या पोरांना खांद्यानं उडवतो, चषक उचलतो, आणि ज्याचं वय खरं आहे त्याचे वडील पोराला म्हणतात, "तुझ्यात दमच नाही." हे वाक्य पोराला किती वर्षं पुरतं याचा विचार कुणी करत नाही.

आता एकाच महिन्यात जन्मलेले दोन फुटबॉलपटू बघा. आपला अनिकेत जाधव २००० च्या जुलैमधला. कोल्हापुरातल्या रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत भारतानं फुटबॉलच्या विश्वचषकात पहिल्यांदा पाऊल टाकलं. सतरा वर्षांखालच्या त्या स्पर्धेत अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात तो आघाडीला खेळला. सामना आपण हरलो, पण त्या दिवशी पेठापेठांत जो आनंद होता तो मी विसरणार नाही. त्याच जुलैमध्ये जन्मलेला दुसरा मुलगा एर्लिंग हालंड. तो नॉर्वेच्या ब्रिने या छोट्या गावात वाढला. त्याचे वडील स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू, तेव्हा घरची तुलना करायचं कारण नाही. मला सांगायचं आहे ते त्याच्या गटाबद्दल. त्या गावात त्याच्या वयाची चाळीसेक मुलं एकत्र खेळत होती, म्हणजे आपल्या मैदानावर असतात तेवढीच. पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत त्यातल्या कुणालाही "तू घरी जा" असं सांगितलं गेलं नाही. हालंड तेव्हा अंगानं लहानखुरा होता, उंची नंतर झपाट्यानं वाढली. बाराव्या वर्षी धडकेवर यादी काढली असती तर ती कुणाकुणाला मागं ठेवून निघाली असती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

नॉर्वेत हे एका कोचच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. तिथल्या क्रीडा महासंघाचा नियमच आहे, की अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही, आणि तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद भरवायचं नाही. बेल्जियमच्या महासंघानं उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी ‘फ्युचर्स’ नावाचे वेगळे संघच काढले, ती पोरं वाढीची वाट बघत खेळत राहावीत म्हणून. दोन्ही देश लोकसंख्येनं आपल्या दोन-चार जिल्ह्यांएवढे. एकही पोरगं वाया घालवणं त्यांना परवडत नाही. आपल्याला परवडतं असं आपण का मानतो, हे मला कळत नाही.

आणि यासाठी नॉर्वेकडंच बघावं लागतं असंही नाही. आपल्या तालमीत हेच होतं. बापानं पोराला लाल मातीत आणून वस्तादाच्या हवाली केलं, की त्याचं काम खुराकापुरतं उरायचं. कुठला डाव कधी शिकवायचा, कुणाशी कधी जोड लावायची, हे वस्ताद ठरवायचा आणि बाप हौद्याच्या बाहेर हात बांधून उभा राहायचा. मैदानातली कुस्ती पोराला लवकर मिळाली नाही म्हणून तालीम त्याला बाहेर काढत नसे, तो मेहनत करत तिथंच राहायचा. पेठेच्या फुटबॉल संघांचंही तसंच. पहिल्या अकरांत नसलेलं पोरगं दुसऱ्या संघात खेळायचं, तिथंही नसलं तर बॉल आणायचं, गोलमागं उभं राहायचं, पण पेठेचंच असायचं. यादीत नाव नसणं म्हणजे घराबाहेर काढणं नव्हतं. फी भरून चालणाऱ्या आजच्या सरावात नेमकं हेच हरवलं. चौदा जण स्पर्धेला गेले की उरलेल्या पोरांचा सराव आठवडाभर बंद. त्यातली काही पुढच्या महिन्यात येतच नाहीत, आणि ती का आली नाहीत हे कुणी विचारत नाही.

मुलींची गोष्ट याहून अवघड. पोराला यादीत घ्या म्हणून भांडणारा बाप निदान मैदानावर येतो. मुलीचं नाव एकदा गळलं की घरात "बरं झालं, आता अभ्यासाकडं बघ" असं म्हणणारे तयारच असतात. तिला दुसरी संधी मागायला कुणी फोन करत नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. तेरा वर्षांखाली कुणालाही कमी करू नका. बाहेरगावी चौदाच जाणार असतील तर प्रत्येक वेळी वेगळे चौदा न्या, आणि गेलेल्या प्रत्येकाला प्रत्येक सामन्यात निम्मा वेळ तरी खेळवा. चषक हुकेल, हुकू दे. चषकाच्या फोटोवर पुढच्या वर्षीचे प्रवेश अवलंबून असतात, ही कोचची अडचण मला माहीत आहे. त्यावर उपाय पालकांच्याच हातात आहे. अकादमीत नाव घालताना "किती चषक जिंकले?" असं विचारू नका, "दोन वर्षांपूर्वी आलेली किती पोरं अजून खेळतात?" असं विचारा. तेराव्या वर्षानंतर निवड करावी लागेल, ती जरूर करा, पण यादीबरोबर प्रत्येकाला कारण सांगा, आणि ते पोराच्या तोंडावर सांगा, बापाच्या फोनवर नको.

मैदानं कुठं आहेत, असं यावर विचारलं जाईल. मोठ्यांचं एक मैदान आडवं धरलं तर त्यात लहान मुलांची तीन छोटी मैदानं सहज बसतात, आणि सात-सात जणांचे तितकेच सामने एका वेळी चालतात. चाळीस पोरांपैकी एकालाही बाकावर बसावं लागत नाही. बॉल पायाला जास्त लागतो ते वेगळंच. गोलाला बांबू चालतात. चुना मारायला, पंच म्हणून शिट्टी फुंकायला, पाणी भरून ठेवायला आठ-दहा माणसं लागतील. ती रविवारी सकाळी साडेसहाला रेषेवर उभी असतातच.