‘जाणें’ आणि ‘पाठविणें’

आमच्या जालना जिल्ह्यांत साठी उलटलेल्या स्त्रीनें उंबरठा ओलांडून दूरदेशीं जावें, अशीं शिष्टसंमत कारणें मोजून तीन आहेत : पंढरीची वारी, लेकीचें बाळंतपण आणि दवाखाना. ह्या तिहींपैकीं एखाद्या कारणानें ती निघाली, तर सारें घर तिची पिशवी भरूं लागतें. पण ‘मला आल्प्स पर्वत पाहावयाचा आहे’ एवढेंच कारण तिनें सांगितलें, तर त्याच घरांत प्रथम हंशा पिकतो, मग काळजी उत्पन्न होते, आणि शेवटीं वर्तमानपत्रांतील एखादी जाहिरात कापून आणली जाते. अशा जाहिरातींतून विकल्या जाणाऱ्या, केवळ स्त्रियांसाठीं किंवा केवळ वृद्धांसाठीं काढलेल्या युरोपच्या सहली, त्यांवर होणारी टीका, आणि त्या टीकेच्या गलबल्यांत झांकून गेलेला त्यांचा खरा दोष, ह्यांविषयीं येथें लिहावयाचें योजिलें आहे.

ह्या सहली आतां नवीन राहिलेल्या नाहींत. वीणा पाटील ह्यांनीं ‘केसरी’ संस्थेंत असतांना ‘माय फेअर लेडी’ ह्या नांवानें फक्त स्त्रियांच्या सहली काढल्या. पुढें २०१३ सालीं त्यांनीं ‘वीणा वर्ल्ड’ ही कंपनी स्थापिली, आणि ‘वुमन्स स्पेशल’ व ‘सीनियर्स स्पेशल’ हे शब्द मराठी घरांत हळदीकुंकवाइतके परिचयाचे झाले. नवऱ्याशिवाय, मुलाशिवाय, ओळखीच्या एकाहि माणसाशिवाय विमानतळावर येऊन उभी राहणारी बाई पूर्वीं अपवाद होती. ती येथें नित्याची झाली. हें कार्य थोडें नव्हे, आणि पुढें जें कडू लिहावयाचें आहे तें लिहिण्यापूर्वीं हें सांगून टाकणें आम्ही कर्तव्य समजतों.

टीकाकारांचा पहिला वर्ग रसिकांचा. ह्या मंडळींना कळपानें हिंडणाऱ्यांचा मोठा तिटकारा. छत्री उंचावून पुढें चालणारा टूर मॅनेजर, त्याच्यामागें साडीवर स्वेटर चढवून आणि पायांत कॅनव्हासचे बूट घालून निघालेल्या बायका, रोमच्या भग्नावशेषांपुढें सुटलेले चिवड्याचे पुडे, हें चित्र रंगवून हंसण्यांत त्यांची लेखणी धन्य होते. ह्या उपहासांत नवीन असें कांहींच नाहीं. टॉमस कुक ह्यानें १८६३ सालीं इंग्रज मध्यमवर्गाची एक टोळी स्वित्झर्लंडांत नेली. तींत जेमायमा मॉरेल नांवाची एक अविवाहित स्त्री होती, व तिनें लिहिलेली त्या प्रवासाची रोजनिशी आजहि वाचावयास मिळते. पुढें दोनच वर्षांनीं चार्ल्स लीव्हर ह्या कादंबरीकारानें ‘ब्लॅकवुड्स’ मासिकांत टोपणनांवानें कुकच्या प्रवाशांची अशीच टर उडविली. लीव्हरसाहेब स्वतः इटलींत ब्रिटिश सरकारचे व्हाइस कॉन्सल होते. तेथें पोहोंचण्यास त्यांना कुकची गरज पडली नव्हती. ज्याला चार दारें उघडीं आहेत त्यानें एकाच दारांतून दाटीनें आंत शिरणारांना हंसावें, ही रीत तेव्हांपासून चालत आलेली आहे.

शिवाय, कळपानें हिंडणें आम्हांस कधींपासून लाजिरवाणें वाटूं लागलें? दिंडी म्हणजे दुसरें काय असतें? तिला विणेकरी असतो, चोपदार असतो, मुक्काम ठरलेले असतात, कोणीं कोणाच्या मागें चालावें हेंहि ठरलेलें असतें, आणि सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामीं आधींच जाऊन उभा असतो. शेजारच्या पैठणाहून नाथांची पालखी निघते, तिच्या वाटेवर उभें राहून पाहावें. घरांतून एकटी निघालेली बाई तेथें एकटी उरत नाहीं. आणि तरीहि ती कोणाची सासू किंवा कोणाची विधवा म्हणून चालत नाहीं, ‘माउली’ म्हणून चालते. जमावानें जाणें हा आमच्या बायकांचा दुबळेपणा नव्हे, ती त्यांची जुनी विद्या आहे.

दुसरा वर्ग नीतिमंतांचा. ‘ह्या वयांत नामस्मरण करावें, युरोप कसला घेऊन बसलां?’ असा त्यांचा प्रश्न. ह्याच्या उत्तरासाठीं जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थांचें जन्मस्थान. परंपरा सांगते कीं, ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला, टाकळीस त्यानें बारा वर्षें तप केलें आणि पुढें बारा वर्षें सारा हिंदुस्थान पायीं पालथा घातला. त्या पळण्याची आम्ही पूजा करतों, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच कथेंत राणूबाई आहेत. त्या जांबेसच राहिल्या. मुलाची वाट पाहतां पाहतां त्यांची दृष्टि गेली, आणि चोवीस वर्षांनीं मुलगा दारीं आला तेव्हां त्याला पाहावयास त्यांना डोळे नव्हते. जग मुलानें पाहावें आणि आईनें मुलाची वाट पाहावी, ह्या वांटणीलाच आमचे नीतिमंत धर्म समजून बसले आहेत. समर्थांनीं मात्र आईला दृष्टि परत दिली, असें तीच परंपरा सांगते. तेवढा भाग कीर्तनांत ऐकून हे लोक घरीं येतांना विसरतात.

खरें पाहतां ह्यांना खुपतें तें दूर जाणें नव्हे. विनाकारण जाणें खुपतें. १८८३ सालीं पंडिता रमाबाई लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षीं आनंदीबाई जोशी पतीवांचून, मिशनरी बायकांच्या सोबतीनें, कलकत्त्याहून अमेरिकेच्या वाटेला लागल्या. गहजब झाला, पण त्यांच्यापाशीं निदान विद्या हें कारण तरी होतें. आजहि मुलगी न्यू जर्सीत बाळंत व्हावयाची असली, तर तिची आई सहा सहा महिने परदेशीं राहते, आणि त्याला कोणी चैन म्हणत नाहीं. तिनें पाहिलेली अमेरिका बहुधा स्वयंपाकघराच्या खिडकीएवढी असते, ही गोष्ट वेगळी. सरकारहि ह्याच मताचें दिसतें. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस. टी. मोफत झाली, २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धें तिकीट झालें; दोन्ही कामें चांगलींच झालीं. पण २०२४ सालीं साठीवरील नागरिकांना सरकारी खर्चानें प्रवास घडविण्याची योजना निघाली, ती तीर्थदर्शनाचीच. म्हाताऱ्या माणसाला देवाखेरीज आणखी कांहीं पाहावेसें वाटत असेल, ही कल्पना अद्याप मंत्रालयापर्यंत पोहोंचलेली नाहीं. केवळ पाहण्यासाठीं जग हिंडून मीना प्रभूंनीं ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. त्या २०२५ सालीं वारल्या तेव्हां मराठी वाचक हळहळला. तो वाचक आपल्या आईला तसें हिंडूं देईल काय, हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारला नाहीं.

येथवर सहलींचा कैवार झाला. आतां त्यांचा दोष.

एक भाषेची खूण सांगतों. जिच्या घरीं असा प्रवास घडला त्या घरच्या मुलाला विचारा, तो सांगेल, ‘यंदा आईला युरोपला पाठविलें.’ आई गेली, असें तो म्हणत नाहीं. पार्सल पाठवितात, मनीऑर्डर पाठवितात, तशी आई पाठविली जाते. आणि ह्या प्रयोगाला सहली काढणाऱ्यांनींच खतपाणी घातलें आहे. त्यांच्या जाहिराती नीट वाचाव्या. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, घरच्यासारखें जेवण, चोवीस तास सोबत, काळजीचें कारण नाहीं. कोणाच्या काळजीचें? जाणाऱ्या बाईच्या नव्हे. पैसे भरणाऱ्या मुलाच्या. गिऱ्हाईक तो आहे, बाई हा माल आहे, आणि सुरक्षितता हें त्या मालाचें वेष्टन आहे. माल गेला तसाच परत आला म्हणजे व्यवहार पुरा झाला. दिंडींत चार वर्षें चाललेल्या बाईला वाट पाठ होते, आणि पांचव्या वर्षीं ती नव्या वारकरणीला पाण्याची जागा दाखविते. चार देशांच्या चार सहली करून आलेल्या बाईला मात्र आपलें हॉटेल स्टेशनच्या उजवीकडे होतें कीं डावीकडे, हें सांगतां येत नाहीं. दिंडी आणि सहल ह्यांतील भेद एवढाच आहे, आणि तो लहान नाहीं.

त्यांत खोलीचा प्रकार पाहा. हॉटेलच्या खोलीचा हिशेब दोघांचा असतो. जी एकटी आहे तिनें एक तर अनोळखी बाईबरोबर खोली वांटून घ्यावी, नाहीं तर स्वतंत्र खोलीसाठीं वेगळी रक्कम मोजावी. हॉटेलवाला खोलीचे पैसे घेतो, डोक्यांचे नव्हे, हें आम्ही जाणतों. पण एकट्या स्त्रियांसाठीं म्हणून निघालेल्या सहलींत एकटेपणालाच दंड पडावा, आणि त्या दंडाचा आंकडा जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत न छापतां पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपांत छापावा, ह्याला व्यापार म्हणतात. सेवा म्हणूं नये.

तीच गोष्ट वेगाची. बारा दिवसांत सात देश! युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमाप्रमाणें बसच्या चालकास साडेचार तास गाडी हांकल्यावर पाऊण तास विसांवा घ्यावा लागतो, आणि सामान्यतः दिवसाकाठीं नऊ तासांहून अधिक गाडी हांकतां येत नाहीं. चालकाच्या डोळ्यांसाठीं कायदा झाला. मागें बसलेल्या सत्तर वर्षांच्या गुडघ्यांसाठीं कोणताच नाहीं. विसांव्याच्या त्या पाऊण तासांत चाळीस बायकांनीं, नाण्यांवर उघडणाऱ्या शौचालयापुढें रांग लावावी, आणि परत आल्यावर टाळ्या वाजवून त्यांची मोजणी व्हावी. मग ३,४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राउयोखवर नेऊन सोडावें, बर्फाला हात लावावा, फोटो काढावा, खालीं उतरावें. ज्या बाईनें तो पर्वत पाहण्यासाठीं घरांतला हंशा सोसला, तिला त्याच्यासमोर उगीच बसून राहावयास तास दोन तास मिळूं नयेत?

कोणी म्हणतील, ह्या बायकांना भाषा येत नाहीं, त्यांना मोकळें कसें सोडावें? ज्या बाईनें उभा जन्म अंबड-जालना एस. टी. त खिडकीची जागा धरली, बसची पाटी वाचतां येत नव्हती त्या दिवसांत माणसाच्या चेहऱ्यावरून गाडी ओळखली, तिला स्वित्झर्लंडची आगगाडी अवघड जाईल, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. तेथें एकच पास आगगाडीला, बसला आणि बोटीला चालतो, आणि गाडी वेळेवर येते. हें दुसरें सुख तर आमच्या बाईला अपरिचितच आहे. सहलींत एक दिवस, निदान अर्धा, टूर मॅनेजरनें हॉटेलांत बसून राहावें. हॉटेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, नकाशा आणि थोडीं नाणीं हातीं देऊन बायकांना दोघी-दोघी, ज्या म्हणतील त्यांना एकएकटीसुद्धां, सोडून द्यावें. चुकतील आणि विचारीत विचारीत परत येतील.

राहिला कागदांचा प्रश्न, आणि आमच्या भागांत खरी गांठ तेथें बसते. युरोपच्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठीं शुल्क, जें जून २०२४ पासून ९० युरो झालें आहे, तीस हजार युरोंचा विमा आणि बोटांचे ठसे एवढ्यानें भागत नाहीं. बँकेचें खातें आणि प्राप्तिकराचीं विवरणपत्रें दाखवावीं लागतात. आतां जालन्याची मोसंबी घ्या. तिला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण ती पिकविणाऱ्या बाईला कोणतेंच मानांकन नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत बागा जळूं लागल्या तेव्हां टँकरचें पाणी झाडाझाडाला घालणाऱ्यांत ती होती. पण सातबारा नवऱ्याच्या नांवें, त्याच्यामागें मुलाच्या नांवें; शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं म्हणून विवरणपत्र नाहीं; आणि मोसंबीची पट्टी ज्याच्या नांवें त्याच्या खात्यांत पैसे. चाळीस वर्षें कष्ट केलेली ही बाई व्हिसाच्या खिडकीपुढें निष्कांचन ठरते, आणि मुलाच्या हमीपत्रावर, त्याच्या खर्चानें, पाठविली जाते. १९८६ सालीं चांदवडला शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें, आणि पुढें शरद जोशी ह्यांनीं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हांक दिली, कीं जमिनीचा वांटा पत्नीच्या नांवें करावा. ज्यांनीं ती ऐकली त्यांच्या घरच्या बायका आज साठीच्या पुढें आहेत, आणि त्यांच्यापाशीं दाखवावयास स्वतःच्या नांवाचा एक तरी कागद आहे.

शेंगेनच्या अर्जांत एक रकाना असतो : प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च कोण करणार? त्यापुढें दोन चौकटी आहेत. एक ‘स्वतः अर्जदार’, दुसरी ‘अन्य प्रायोजक’. प्रवासकंपनीच्या ज्या कारकुनाकडे हे अर्ज भरण्याचें काम असतें, त्यानें समोरच्या बाईचें वय आणि पातळ पाहून दुसऱ्या चौकटींत खूण करूं नये. आधीं तिला विचारावें, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला नव्हे.