सुकाणू हिच्या हाती

वाचकहो, आम्ही वऱ्हाडची माणसे. कापूस, ज्वारी, ऊन आणि ठेचा या चार विषयांवर आमच्याशी केव्हाही बोलावे. पण होडी हा काही आमचा प्रांत नव्हे. आमच्या पूर्णेला पूर आला की होडी घालायची छाती होत नाही, आणि पूर ओसरला की होडीची गरज उरत नाही! त्यामुळे ‘चार दिवस स्वतः होडी हाकत पाण्यावर राहून आलो’ असे अकोल्याच्या आमच्या मित्रमंडळींत मी सांगितले, तेव्हा एकाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण आधी तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली पाहिजे. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावात पायाने चालवायच्या होड्या होत्या. एकीत मी आणि चिरंजीव बसलो. आमची ही मात्र चपला हातात घेऊन काठावरच उभी राहिली. “तुम्ही जा जी, मी इथूनच पाहते.” ती नऊ वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ पूर्णेच्या पुरात गेला. तो विषय आमच्या घरात कोणी काढत नसे. मीही काढला नाही.

चिरंजीव आता मँचेस्टरला असतात. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी परस्पर कालव्यावरची एक नाव भाड्याने घेऊन ठेवलेली! आईचा चेहरा पाहून म्हणाले, “अगं, कमरेइतकं तर पाणी. आपल्या शेतातला पाट समज.”

ही नाव म्हणजे साठ फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. आगगाडीचा डबा मधोमध उभा चिरावा तशी. आत शेगडी, खाटा, न्हाणीघर, सारे काही. पूर्वी या कालव्यांवरून कोळसा जाई आणि काठाने चालणारा घोडा नाव ओढी. आता घोड्याच्या जागी इंजिन आहे. चालवायला परवाना लागत नाही. मालकाने तासभर शिकवले आणि किल्ली हाती दिली. इतक्या भरवशावर आमच्याकडे कोणी सायकलसुद्धा देत नाही!

वेगाची मर्यादा ताशी 4 मैल. पहिल्याच दिवशी एक म्हातारा कुत्रा काठाने आम्हांला मागे टाकून गेला. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते, आणि तीही लगेच नाही. मनात येईल तेव्हा. मी तीनदा काठावर आदळलो. “स्कूटरही अशीच चालवत होते,” सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

एल्समीरहून आम्ही लँगोलेनकडे निघालो. वाटेत न्यू मार्टनला पाण्याच्या दोन पायऱ्या लागल्या. पायरी म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे आणि हँडल फिरवून वरचे पाणी आत सोडायचे. हौद भरतो, तशी नाव वर चढते. चिरंजीवांनी सांगितले की एका खेपेला लाखभर लिटर पाणी लागते.

“लाखभर?” ही ताडकन उठली. “म्हणजे दहा टँकर! चार माणसांच्या हौसेपायी?”

हिचे माहेर खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी खारट, आणि गोड्या पाण्यासाठी डोक्यावर घागर घेऊन कोसभर चालायचे. याच कालव्याचे पाणी पुढे हर्लस्टनच्या तलावात जाते आणि शुद्ध करून लोक ते पितात, हे कळले तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला. नावेतली पाण्याची टाकी मात्र तिने ताब्यात घेतली. सूनबाईंसकट सर्वांना आंघोळीला मोजून पाणी. टाकी दुसऱ्यांदा भरावीच लागली नाही.

तिसऱ्या दिवशी पाँटकिसिल्टेचा पूल आला. हा पूल नदीवरून कालवाच नेतो! टेलफर्डसाहेबांनी 1805 साली पुरा केलेला. खाली 126 फुटांवर डी नदी, आणि वर लोखंडी पन्हळीतून आपली नाव. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पन्हळीची कड, की मग आभाळ. मला वाटले, ही आत पडदे ओढून रामरक्षा म्हणत बसेल.

तर ही पदर खोचून बाहेर आली. “दे रे तो दांडा इकडे.”

“आई, अगं भीती वाटेल—”

“आत बसून भीती वाटते, बाप्पा. हाती धरलं तर नाही वाटणार.”

तिने दांडा धरला. चिरंजीव माझ्या कानाशी कुजबुजले, “बाबा, पन्हळीत नाव वळूच शकत नाही. दांडा धरला काय, न धरला काय.” मी त्यांना चिमटा काढला. काही गोष्टी आईला न सांगितलेल्याच बऱ्या.

पुलाच्या मध्यावर तिने खाली पाहिले. नदी दगडांवरून फेसाळत चालली होती. तिने नजर काढून घेतली नाही.

“दादाला आवडलं असतं हे,” ती म्हणाली.

बेचाळीस वर्षांच्या संसारात ‘दादा’ हा शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकला. कोणी काही बोलले नाही. इंजिन तेवढे फटफटत राहिले. पलीकडचा काठ आला तरी तिने दांडा सोडला नाही आणि आम्ही कोणी मागितलाही नाही. त्या संध्याकाळी, नाव काठाला बांधल्यावर, ती दादाबद्दल बोलत बसली. तो चिंचेवर कसा चढे, तिला शेंगा कशा फेकी. दिवा मालवायला मध्यरात्र झाली.

या दिवाळीचा फराळ संपला की आम्ही दोघे चिखलदऱ्याला जाणार आहोत. शक्कर तलावात होडी मिळाली, तर ती चालवायची हिने, असे ठरले आहे.

मीही काठावर रिकामा उभा राहणार नाही. चपला मला धरायच्या आहेत!