दहावीच्या पुस्तकातून जग गेलं कुठं?

१७ सप्टेंबरचं झेंडावंदन करून आलो आणि दहावीतल्या पुतणीला विचारलं, "निजामाने भारताविरुद्ध तक्रार कुठं केली होती गं?" "काका, दिल्लीला?" म्हणाली. चूक तिची नाही.

आमच्या दहावीला दोन्ही महायुद्धं होती. २०१८ पासूनच्या पुस्तकात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन आहे. धडे वाईट नाहीत हो. पण महायुद्धं नववीच्या राज्यशास्त्रात एका धड्यात उरकतात, सविस्तर थेट बारावीला, तेही इतिहास घेतला तर. सायन्सवाल्याला हिटलर मोबाईलवरच भेटतो.

आता आपलं गाव बघा. पहिला निजाम इथंच खुलताबादला दफन आहे. त्याच्या गादीवरच्या शेवटच्या निजामाचं प्रकरण १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये, सुरक्षा परिषदेसमोर निघालं. दुसऱ्याच दिवशी तो शरण आला. ही परिषद मुळात का जन्मली, हे दुसरं महायुद्ध न शिकता पोरांना कसं कळायचं?

मार्च २०२५ मध्ये कबरीवरून राज्य तापलं, तेव्हा पोरांच्या स्टेटसवर वाट्टेल तो इतिहास फिरत होता. तो कोणी तपासला?

तालुक्यातल्या गुरुजींना, मॅडमना विनंती : पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. पुढच्या १७ सप्टेंबरच्या भाषणात ही पॅरिसची गोष्ट तेवढी सांगा. पाच मिनिटं लागतात.