कर्ता नसलेली वाक्ये

अफूवर्गीय वेदनाशामके हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे, त्यात मराठीच्या प्राध्यापकांनी नाक खुपसू नये, असे एका डॉक्टर स्नेह्याने आम्हांला नुकतेच सुनावले. वस्तुतः हा प्रश्न जितका औषधाचा तितकाच वाक्याचा आहे, आणि वाक्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार आम्ही सोडू इच्छित नाही.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात १९८० साली अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना ते जडल्याची नोंद आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांविषयी त्यात चकार शब्द नव्हता. पण पत्राचा दाखला देणे सुरू झाले ते थांबेचना. २०१७ साली त्याच नियतकालिकात आलेल्या छाननीत असे ६०८ दाखले मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के लेखकांनी, मूळ रुग्ण रुग्णालयातले होते, हे सांगण्याचीही तसदी घेतली नव्हती. मूळ ग्रंथ न उघडता दुसऱ्याच्या तळटीपेतून अवतरण उचलणारे आमच्याही विभागांत कमी नाहीत. पण त्या पापाने फार तर एखादा प्रबंध नासतो.

१९९५च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पर्ड्यू फार्माच्या 'ऑक्सिकॉन्टिन'ला मान्यता दिली. औषध सावकाश शोषले जात असल्याने त्याच्या गैरवापराची शक्यता कमी होते असे 'मानले जाते', अशा अर्थाचे वाक्य त्याच्या माहितीपत्रकात होते. कोण मानते? कशाच्या आधारे? कर्मणी प्रयोगाची सोय अशी, की कर्त्याला घरी बसवता येते. २००१ साली ते वाक्य गाळून ठळक चौकटीतला इशारा आला. २००७ साली पर्ड्यूच्या सहयोगी कंपनीने दिशाभुलीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे साडेसहा लाख माणसे दगावली. त्यांत हेरॉइन आणि बेकायदा फेन्टानिलचे बळीही आहेत, हे मान्य. पण अनेकांची सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीपासूनच झाली होती.

आपल्याकडे ट्रामाडोल याच वर्गातले. २०१८ साली ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. त्याआधीची गोष्ट. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या वडिलांना ते लिहून दिले गेले. कागदावर मात्रा होती, मुदत नव्हती. जुन्याच चिठ्ठीवर ते दोन महिने गोळ्या आणत राहिले आणि एके दिवशी त्यांनी त्या एकदम बंद केल्या. झोप उडाली, दरदरून घाम, जिवाची नुसती घालमेल. आम्ही सारे ते वयावर ढकलून मोकळे झालो.

उपचाराचे स्वरूप, त्यातले मोठे धोके आणि पर्याय रुग्णाला पुरेसे सांगितल्यावाचून संमती खरी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ सालीच म्हटले आहे. खटला शस्त्रक्रियेचा होता. परंतु गोळी लिहून देणाऱ्याला हे तत्त्व लागू नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

स्नेह्याचा आक्षेप असा, की इतके सांगितले तर रुग्ण घाबरेल, गोळी टाकून देईल आणि वेदनेने तळमळेल. आक्षेप क्षुल्लक नाही. आपल्या देशात कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना मॉर्फिन मिळतच नाही. त्याला १९८५च्या कायद्याची जाचक परवानापद्धती कारणीभूत होती. २०१४च्या दुरुस्तीने ती सैल झाली, पण नाव ऐकताच घरचे दचकतात ते दचकतातच. मात्र ही धास्ती सांगण्यामुळे आली आहे की कुणी काही न सांगितल्यामुळे? ज्या मौनाने तिकडे गोळ्या वाटल्या, तेच मौन इकडे गरजवंताच्या हातची गोळी हिरावून घेते.

आणि सांगायचे तरी किती? 'ही गोळी अफूसारखे काम करते. चार दिवसांसाठी देतो आहे. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेऊ नका, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. पोट साफ होणार नाही, गुंगी येईल. जास्त दिवस घेतली तर सवय लागते; मग एकदम थांबवू नका, मला विचारून हळूहळू कमी करा.' शेवटच्या वाक्यातला 'मला' आमच्या स्नेह्याने तेवढा वाचावा.