झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण एरवी माणसांच्या बाबतीत वापरतो. आज ती मी खऱ्याखुऱ्या मुठीबद्दल, म्हणजे तलवारीच्या मुठीबद्दल वापरणार आहे. निमित्त असे, की आमच्या घरातल्या तरुण मंडळींनी देवघरातल्या जुन्या तलवारीची मूठ येत्या दसऱ्याआधी चामड्याने मढवायचे ठरवले आहे. यूट्यूबवर कुणीतरी ते फार सुंदर करून दाखवले आहे म्हणे! यावरून घरात दोन तट पडले आहेत. वडीलधारे म्हणतात, पूजेतल्या वस्तूला चामडे लागता कामा नये. मुले म्हणतात, नुसते लोखंड ओकेबोके दिसते, शिवाय हातात नीट धरवतही नाही. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी वडीलधाऱ्यांबद्दल. चामड्याचा विटाळ मानायचा तर खंडेनवमीला आपण ज्या म्यानावर हळदकुंकू वाहतो त्याचे काय करायचे? जुनी म्याने बहुतेक आतून लाकडाची आणि वरून चामड्याने किंवा मखमलीने मढवलेली असतात. भजनाला साथ करणाऱ्या पखवाजाची पुडीही कातड्याचीच असते आणि तिच्या बोलावर आपण डोळे मिटून माना डोलावतो. तेव्हा हा आक्षेप चामड्यावर नसून ते कमावणाऱ्या हातांवर आहे, असे मला वाटते. तो आता आपण कायमचा टाकून द्यावा हे बरे.

आता मुलांबद्दल. मूठ मढवणे ही मुळीच वाईट गोष्ट नाही. उलट ती मोठी देखणी कारागिरी आहे. युरोपातल्या मध्ययुगीन तलवारींची मूठ आतून लाकडाची असे. त्या लाकडावर दोरी गुंडाळून वर पातळ कातडे चिकटवत. आजही हौशी मंडळी असेच करतात. साधारण एक मिलिमीटर जाडीचे कातडे घ्यायचे, कडा छिलून आणखी पातळ करायच्या, ते पाण्यात भिजवून मऊ करायचे, सरस लावून ताणून बसवायचे आणि वाळेपर्यंत वरून दोरीने घट्ट आवळून ठेवायचे. वाळताना कातडे आकसते आणि मुठीला अगदी अंगच्या कातडीसारखे बसते. दोरी सोडली की तिचे वळ मुठीवर उठून दिसतात आणि घामेजलेला हातसुद्धा घसरत नाही. जपानी तलवारीच्या लाकडी मुठीवर एका जातीच्या माशाचे खरखरीत कातडे बसवून त्यावर रेशमी, सुती किंवा चामड्याची फीत तिरपी विणतात. ही फीत झिजली की नवी बांधतात. आपण क्रिकेटच्या बॅटची ग्रिप बदलतो तसेच हे. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

पण गंमत पाहा! तेच जपानी लोक मुठीच्या आत दडलेल्या पात्याच्या शेपटीवरचा गंज कधीही घासून काढत नाहीत. बहुधा तिथेच घडवणाऱ्याची सही असते आणि त्या गंजाच्या रंगावरून जाणकार पात्याचे वय ताडतात. म्हणजे बदलण्यासाठी केलेला भाग कोणता आणि जपण्याचा कोणता, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आपल्या तलवारीची मूठ लाकडाची नाही, ती सबंध पोलादाची आहे. खाली वाटीसारखी चकती, वर परज आणि मधे फुगीर दांडा. पात्याची शेपटी या पोकळ मुठीत बहुधा राळेने किंवा लाखेने बसवलेली असते. सरस लवकर वाळावा म्हणून कुणी हीटगन धरली की आतली लाख मऊ होऊन पातेच हलू लागायचे. शिवाय आपल्या मुठी मुळातच आखूड असतात. 'पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते' असे त्यावरून काही जण म्हणतात. पण ही मूठ घट्ट बसावी म्हणूनच तशी आहे. चकती आणि परज यांच्यामध्ये पंजा जखडला जातो आणि वार सगळ्या हाताने होतो. त्यावर कातड्याचा थर चढवला की हाताला मिळणारी जागा आणखी कमी होते. म्हणजे धरायला सोपे व्हावे म्हणून केलेले काम उलटेच पडते.

सर्वांत मोठी भीती गंजाची. आपल्याकडे कोल्हापुरी चपलांचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. आता पूर्वीची शाई कशाची करत ते आठवा. हिरडा आणि हिराकस! हिरड्यातला तुरट अंश लोखंडाला भेटला की काळा रंग धरतो. असे कातडे पोलादाला चिकटवून त्यावरून आपला एक पावसाळा जाऊ द्या. आत दमट राहून काळे डाग आणि गंज धरेल, आणि वरून मूठ छान दिसत असल्यामुळे कुणाला पत्ताही लागणार नाही. मुठीवर सोन्याचांदीचे नक्षीकाम असेल तर सरस खरवडताना तेही जाईल. झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख खरी, पण आत काय चालले आहे हे कळत नाही तोवरच!

मग जुन्या मुठी कधी झाकतच नव्हते का? तसेही नाही. लंडनच्या लिलावात २०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने राजे रघुजी भोसले यांची तलवार घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. तिच्या मुठीला हिरवे कापड गुंडाळलेले आहे. कापड गुंडाळले तर सोडता येते. ज्याने कातडे सरसाने चिकटवले, त्याने मात्र पुढच्या पिढीचाही निर्णय आपणच घेऊन टाकला.

म्हणून घरातल्या मुलांना माझे सांगणे असे. हौस आहे ना, मग सरावाची नवी तलवार घ्या, लाकडी मुठीची. चामड्याचे काम करणाऱ्या एखाद्या कारागिराकडे चार दिवस बसून कडा छिलायला शिका, त्यांना त्याचे रीतसर पैसे द्या आणि हवी तशी मूठ मढवा. पहिली बिघडली तर दुसरी करा. देवघरातल्या तलवारीला मात्र कोरड्या मऊ फडक्याने पुसून तेलाचा पुसट हात द्यावा, पावसाळ्यात ती म्यानाबाहेर काढून ठेवावी, आणि फारच वाटले तर दसऱ्यापुरते तांबडे सुती कापड मुठीला गुंडाळावे. दुसऱ्या दिवशी ते सोडून ठेवावे.

त्या मुठीची नक्षी मधल्या भागात झिजली आहे. मुले ज्याला ओकेबोके म्हणतात तो हाच भाग. ती झीज आपल्याच माणसांच्या तळहातांनी झालेली आहे. ती झाकून काय मिळवायचे?

असो. तुमच्याही घरी अशी एखादी तलवार, कट्यार असेल. तिच्या मुठीचे तुम्ही काय केलेत ते जरूर कळवा.