करारमुक्त म्हणजे नेमके कोण मुक्त?

मराठी क्रीडापानांनी गेल्या दहा-बारा वर्षांत जे शब्द रुळवले, त्यांत 'करारमुक्त' हा शब्द आम्हांस सर्वाधिक खटकतो. प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की बातमी येते : अमुक संघाने तमुक चढाईपटूस करारमुक्त केले. मुक्ती हा आपल्या भाषेतला केवढा मोठा शब्द! संतांनी तोही नाकारून भक्ती मागितली. इथे मात्र मुक्त झालेला असतो तो संघमालक. खेळाडू नुसताच मोकळा बसलेला असतो. मराठी शिकवणाऱ्यांना शब्दांवरून भांडण्याची खोड असते हे मान्य. परंतु हे भांडण शब्दापुरते राहिले असते, तर आम्ही ते शिक्षककक्षातच मिटवले असते.

शिक्षककक्षात ते मिटले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही रायगडच्या किनारपट्टीवर शिकवतो. इथे अलिबाग-रेवदंड्यापासून पेण-रोह्यापर्यंत कबड्डी हा गावाच्या अब्रूचा विषय आहे, आणि आमच्या प्रत्येक वर्गात दोन-चार मुले अशी असतातच की ज्यांच्या कोपरावरची माती पहिल्या तासालाही पुरती गेलेली नसते. रात्री प्रकाशझोतातले सामने, सकाळी काव्यशास्त्र. तेव्हा 'संघाने घडवलेला मोठा खेळाडू राखावा, की सोडून त्या पैशांत नवे चार घ्यावेत' हा प्रश्न आमच्याकडे चहाबरोबर येतो आणि चहा निवला तरी संपत नाही.

आमचे उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो : राखावा.

याविरुद्ध बोलणारे दोन गट आहेत. पहिला गट हिशेबी मंडळींचा. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, कारण त्यांच्यापाशी आकडे आहेत. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारवर पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजार रुपये लावले होते. २०१८मध्ये बोलीने कोटीचा टप्पा ओलांडला. २०२३मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. त्या मोसमात एका संघाला अख्ख्या ताफ्यावर खर्च करता येत होते ५ कोटी. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका माणसावर, आणि उरलेल्यात किमान सतरा जण. अशा वेळी मोठे नाव सोडणे हाच शहाणपणा, असे ही मंडळी म्हणतात, आणि पुरावा म्हणून सिद्धार्थ देसाईचे उदाहरण पुढे करतात.

ते उदाहरण आपल्या घरचेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा हा मुलगा. २०१८मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले. पदार्पणाच्याच मोसमात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि मुंबईने पुढच्या वर्षी त्याला सोडले. तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना उचलले. त्या मोसमातही सिद्धार्थने गुणांचे द्विशतक ओलांडले. टायटन्स मात्र तळाशीच राहिले. पुढे त्याला दुखापतीने गाठले. हिशेबी मंडळी विजयी मुद्रेने विचारतात : मुंबईने वेळीच काढला की नाही? शिवाय मुंबई २०१९मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत गेलीही होती. ही गोष्ट आम्ही लपवत नाही. परंतु अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरी गाठणारा आणि २०१५मध्ये विजेता ठरलेला हा संघ २०१६नंतर एकदाही अंतिम सामन्यात दिसलेला नाही, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे. खुद्द अनुपला त्यांनी पाच मोसमांनंतर सोडले. तो जयपूरकडून एक मोसम खेळला आणि डिसेंबर २०१८मध्ये निवृत्त झाला.

सिद्धार्थच्या गोष्टीचा आमचा अर्थ वेगळा आहे. दोनशे गुण घेणारा चढाईपटू विकत मिळतो. त्याच्या मागे उभे राहणारे सहा जण त्याच्यासोबत येत नाहीत. कबड्डीत हे जितके खरे, तितके क्वचितच दुसऱ्या खेळात असेल. चढाई तीस सेकंदांची. कोपऱ्यावरच्या गड्याने घोटा धरला आणि त्याच क्षणी मध्यरक्षकाने झेप घेतली नाही, तर चढाईपटू मध्यरेषा गाठतोच, आणि धरणाऱ्यालाही बाद करून जातो. ती झेप नजरेने बघून घेता येत नाही. कोपरारक्षकाचा खांदा किंचित झुकला की शेजाऱ्याच्या पायांना ते कळावे लागते, आणि पायांना कळायला मोसमच्या मोसम जातात. ज्यांनी साखळी धरून खेळलेले आहे त्यांना हे सांगायला नको. आता गंमत पाहा : पकड तिघांची असते, पण गुणपत्रकात पकडीचा गुण एकाच्या नावावर चढतो. लिलावात बोली लागते ती त्या पत्रकावर. म्हणजे बाजार ज्याचे मोल करतो तो एकटा माणूस मुळात मैदानावर नसतोच!

पुणेरी पलटणचे उदाहरण घेऊ. अस्लम इनामदार हा नगरकडचा मुलगा आणि त्याच्या बरोबरीचे मोहित गोयत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही पोरे पुण्याने नवोदित म्हणून घेतली, वाढवली, राखली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले. इथे आमचे सहकारी लगेच बोट ठेवतात : त्या संघात मोहम्मदरझा शादलूही होता, २ कोटी ३५ लाखांना विकत घेतलेला! होता. आणि विजेतेपदानंतर पुण्याने त्याला सोडले, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि डिसेंबर २०२४मध्ये हरियाणा विजेते झाले. पुणे बाद फेरीतही नव्हते. हे उदाहरण आमच्या बाजूचे की त्यांच्या, यावर एक आख्खी दुपार गेली आहे. आम्ही म्हणतो, पुण्याने हाताशी आलेला, जुळलेला माणूस सोडला आणि त्याची किंमत दिली, शिवाय त्या मोसमात अस्लमही जायबंदी झाला. ते म्हणतात, विकत घेऊन जिंकता येते हेच हरियाणाने दाखवले. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की पुढे काय झाले तेही वाचा. हरियाणानेही त्याला सोडले. २०२५मध्ये गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले आणि तो संघ पहिल्या आठांतही आला नाही. उलट अस्लमचे पुणे त्याच वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात उभे होते आणि दिल्लीकडून ३१-२८ असे, म्हणजे अवघ्या तीन गुणांनी, हरले.

दुसरा गट भाविकांचा आहे आणि खरे तर आमचा राग याच गटावर अधिक आहे, कारण त्यात आमचे मित्र आहेत. हे लोक म्हणतात, पूर्वी खेळाडू मातीसाठी खेळत, आता पैशांसाठी विकले जातात. सिद्धार्थ गेला तो कोटी रुपयांकडे गेला, त्याला मुंबईशी काय देणेघेणे? अहो, तो गेला नाही, त्याला सोडले होते! निष्ठा नेहमी खेळाडूकडूनच का मागायची? आणि 'पूर्वी' म्हणजे केव्हा? ज्या गावसंघांच्या आठवणीने यांचे डोळे पाणावतात, त्या संघांतही नावाजलेला पाहुणा गडी आणून उतरवण्याची हौस होतीच. चांगल्या खेळाडूचे खरे स्वप्न होते ते नोकरीचे : रेल्वे, पोलीस, बँक, महिंद्र, एअर इंडिया. अशा संघाने निवडले की गुडघा अठ्ठाविसाव्या वर्षी गेला तरी टेबल अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राहायचे. संघाने खेळाडूला 'राखणे' याचा इतका पक्का अर्थ नंतर कुणी दिलेला नाही. त्या नोकऱ्या आटल्या. एअर इंडिया तर २०२२मध्ये सरकारची राहिलीच नाही. आता मुलापुढे आहे तो एका-दोन मोसमांचा करार. अशा मुलाला मातीची महती सांगणे हा, सौम्य शब्दांत, अप्पलपोटेपणा आहे.

आमच्या किनाऱ्यावर लिलाव रोज होतो, तो मासळीचा. टोपलीतल्या सुरमईला कोणाच्या घरी जायचे आहे ते कोणी विचारत नाही, आणि ते रास्तच आहे. पण त्याच होडीवरच्या तांडेलाचा लिलाव झालेला आम्ही तरी पाहिलेला नाही. पावसाळी बंदीच्या दिवसांत नाखवा त्याच्या घरी जातो, पुढच्या हंगामाची उचल पुढे करतो, मागचे रुसवे काढतो. तांडेल 'हो' म्हणेल किंवा दुसऱ्या नाखव्याची होडी धरेल. गावात चार दिवस बोलणे होते. पण विचारले जाते ते त्यालाच. आमच्या 'राखावा' या शब्दात ही विचारणा गृहीत आहे. ती नसेल तर राखणे आणि डांबून ठेवणे यांत फरक उरत नाही.

हा फरक अमेरिकेच्या बेसबॉलने फार महागात शिकला. तिथे करारातल्या एका कलमामुळे खेळाडू आयुष्यभर एका संघाचा. संघाला वाटेल तेव्हा मात्र त्याची दुसऱ्याशी अदलाबदल. १९६९मध्ये सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या आपल्या नामांकित खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने जाण्यास नकार दिला आणि दावा लावला. १९७२मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला, त्याची कारकीर्दही त्यातच संपली. खेळाडूंना संघ निवडण्याची वाट मोकळी झाली ती १९७५च्या लवादाच्या निर्णयानंतर. लक्षात घ्यावे, फ्लडला पैसे कमी मिळत नव्हते. त्याचे म्हणणे पैशांबद्दल नव्हतेच.

आपल्या लीगमध्ये खेळाडू लिलावासाठी स्वतः नाव नोंदवतो, म्हणजे त्याची संमती असते, असे सांगितले जाते. लिलावात उतरण्याची संमती असते. कुठल्या संघात जायचे याची नसते. संघाला मात्र एक खास कार्ड दिलेले आहे : सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेल्या अंतिम बोलीइतकी रक्कम देऊन त्याला परत घेण्याचे. सोडण्याचा हक्क संघाचा, राखण्याचा हक्क संघाचा, सोडून पुन्हा राखण्याचाही संघाचाच. तसेच एक कार्ड खेळाडूच्या हाती द्या, ही आमची मागणी आहे. सलग तीन मोसम एका संघात काढलेल्याला लिलावात एकदा म्हणता यावे की मी कमी पैशांत जुन्याच संघात राहतो, किंवा, या संघात मी जाणार नाही. जुना संघ घेतो की नाही हे त्याने तिथेच, सर्वांसमोर सांगावे.

आमचे सहकारी म्हणतात, असे केले तर लिलावातली सगळी गंमत निघून जाईल. जाऊ द्या.