कर्णधारावांचून नौका

संस्कृतांत 'कर्ण' म्हणजे कान, तसाच सुकाणूही. तें जो हातीं धरतो तो कर्णधार. ही व्युत्पत्ति घरांतील विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगावी, कारण आज जिची हकीकत द्यावयाची त्या नौकेस सुकाणू मुळींच नाहीं, आणि तें धरणाराही प्रसंगीं नसला तरी चालावें अशी योजना आहे.

ही अमेरिकेच्या आरमाराची 'अपालाचिकोला'. अलाबामा संस्थानांतील मोबील शहरीं ऑस्टल कंपनीनें ती बांधली व फेब्रुवारी 2023 मध्यें आरमाराच्या स्वाधीन केली. लढणें हें तिचें काम नव्हे. सैनिक, गाड्या व सामान लौकर पोंचविणें हें आहे. दोन अरुंद होड्या शेजारीं ठेवून वर पूल टाकावा तशी तिची घडण. अंग ॲल्युमिनियमचें, म्हणून हलकें. लांबी 103 मीटर, पण पाण्यांत बुडते ती चार मीटरांहून कमी. त्यामुळें उथळ बंदरांतही शिरते. सुमारें 600 अमेरिकन टन भार घेऊन ताशीं 35 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 65 किलोमीटर, धावते. तळाशीं पंखा नाहीं. डिझेल यंत्रें पाणी आंत ओढून मागें जोरानें फेंकतात. तो झोत वळविला कीं नौका वळते.

बांधणी चालू असतांनाच, 2021 मध्यें, सुमारें 4 कोटी 40 लक्ष डॉलरांच्या करारानें तींत स्वयंचालनाची यंत्रणा बसविण्याचें ठरलें. भोंवतालचीं जहाजें ओळखून, टक्कर चुकवून ठरल्या मार्गानें जाणें हें त्यांतील एक अंग. मला अधिक नवल वाटतें तें दुसऱ्याचें. यंत्रशाळेंत मनुष्याचा हात न लागतां तीस दिवस चालावें, असें उद्दिष्ट आहे. तेल, पाणी, दाब यांवर रात्रंदिवस नजर ठेवणारा माणूस काढून घ्यावयाचा, तर यंत्रानें आपलें दुखणें आपणच ओळखलें पाहिजे. भर समुद्रांत गाळणी तुंबली तर ती उघडणार कोण? मार्ग शोधण्याहून हा प्रश्न बिकट आहे.

याहून बिकट प्रश्न कायद्याचा. टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आरमारी नौकांसही लागू आहेत. त्यांतील पांचवा म्हणतो कीं प्रत्येक नौकेनें सदैव डोळ्यांनीं व कानांनीं पहारा ठेवावा. अठरावा म्हणतो कीं जाळें टाकून बसलेल्या होडीस यंत्रनौकेनें वाट द्यावी. नौकेस जिचें नांव दिलें ती फ्लॉरिडांतील अपालाचिकोला नगरी कालवें काढणाऱ्या कोळ्यांचीच! लांकडी होडी रडारवर अंधुक उमटते, आणि या वेगांत एक सागरी मैल दोन मिनिटांच्या आंत संपतो.

हयगय झाल्यास मालक, कप्तान वा खलाशी यांपैकीं कोणाचीही सुटका नाहीं, असें दुसऱ्या नियमांत आहे. कप्तान नसेल तेव्हां जाब कोणास विचारावा? यंत्राची आज्ञावली लिहिणाऱ्याचा उल्लेख त्या नियमांत नाहीं; 1972 मध्यें तो कोणाच्या ध्यानीं यावा तरी कसा?